जठरात नसलेली ऊती : पीटर आयझॅकसन आणि माल्ट लिम्फोमाचे प्रकरण

१९८०च्या सुमारास युरोपात एखाद्याच्या जठरात लिम्फोमा हा कर्करोग सापडला, तर त्याच्यापुढे बहुधा शस्त्रक्रियेचीच वाट असे. शल्यचिकित्सक जठराचा मोठा भाग किंवा संपूर्ण जठर काढून टाकत, त्यानंतर गरजेप्रमाणे किरणोपचार किंवा केमोथेरपी दिली जाई, आणि ज्यांचे जठर पूर्णपणे गेले त्यांना उरलेले आयुष्य थोडे थोडे खात आणि जीवनसत्त्व बी-१२ची इंजेक्शने घेत काढावे लागे. १९९३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक शोधनिबंध आला. जठराच्या मंदगतीने वाढणाऱ्या, ‘माल्ट’ प्रकारच्या लिम्फोमाच्या सहा रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी प्रतिजैविके दिली होती, आणि त्यांपैकी पाच जणांच्या जठरातून लिम्फोमा दिसेनासा झाला होता, अशी नोंद त्यात होती.

कर्करोगावर प्रतिजैविकांचा उपचार ही त्या वेळी अनेक तज्ज्ञांना न पटणारी गोष्ट होती. ती पटवून देणारा माणूस रुग्णांना औषध देणारा नव्हता, शस्त्रक्रिया करणाराही नव्हता. पीटर आयझॅकसन हे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे ऊतींचे नमुने तपासून निदान करणारे तज्ज्ञ, होते. दक्षिण आफ्रिकेतून इंग्लंडमध्ये आलेल्या या संशोधकाने आधी साउथॅम्प्टनमध्ये आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काम केले, आणि त्यांच्या कामाचे मुख्य साधन होते सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी. या प्रकरणात मला विशेष वाटते ते असे, की आयझॅकसन यांनी कोणताही नवा उपचार शोधण्याच्या हेतूने सुरुवात केली नव्हती. जठरातला लिम्फोमा कोणत्या निरोगी ऊतीसारखा दिसतो, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला होता. त्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाल्यावर पुढची प्रत्येक पायरी, उपचारापर्यंतची, जवळजवळ अपरिहार्यपणे समोर येत गेली.

लसीकाग्रंथींचे माप

लिम्फोमा हा लसीकापेशींचा, म्हणजे शरीराचे जंतूंपासून रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, कर्करोग आहे आणि लसीकापेशींचे ठळक घर म्हणजे मान, काख, जांघ, पोट येथे असणाऱ्या लसीकाग्रंथी. त्यामुळे लिम्फोमांच्या वर्गीकरणाच्या सगळ्या पद्धती लसीकाग्रंथीच्या अभ्यासावर उभ्या राहिल्या, हे स्वाभाविक होते. अमेरिकेत हेन्री रॅपापोर्ट यांनी पेशींचा आकार आणि त्यांची मांडणी पाहून वर्ग पाडले. १९७४ मध्ये जर्मनीतील कील येथे कार्ल लेनर्ट यांच्या नेतृत्वाखाली आणि अमेरिकेत ल्यूक्स व कॉलिन्स यांच्याकडून बी-पेशी आणि टी-पेशी या लसीकापेशींच्या दोन मुख्य प्रकारांच्या विकासक्रमावर आधारलेल्या पद्धती पुढे आल्या. या पद्धतींचा आत्मा एकच होता : ग्रंथीतल्या निरोगी पुटकाचा (लसीकापेशींच्या गोल पुंजक्याचा) मध्य, त्याभोवतीचे कडे आणि बाहेरचा भाग यांतल्या कोणत्या पेशीशी ट्यूमरची पेशी जुळते, ते ठरवायचे आणि त्याप्रमाणे नाव द्यायचे.

जठर, आतडे, थायरॉइड, लाळग्रंथी, फुप्फुस अशा ठिकाणी उद्भवणारे लिम्फोमा या मापात नीट बसत नसत. त्यांतले अनेक वर्षानुवर्षे जागच्या जागी राहत आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दीर्घकाळ जगत, ही गोष्ट शल्यचिकित्सकांच्या अनुभवात होती. काही ठिकाणी तर लहान पेशींचे हे दाट थर पाहून पॅथॉलॉजिस्ट ‘स्यूडोलिम्फोमा’, म्हणजे लिम्फोमासारखी दिसणारी पण कर्करोग नसलेली वाढ, असा निर्वाळा देत. एकच काचपट्टी एका प्रयोगशाळेत कर्करोग ठरे आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत साधा दाह. रुग्णाच्या दृष्टीने हा फरक म्हणजे जठर राहणे किंवा जाणे, एवढा मोठा होता.

साउथॅम्प्टनमधील निरीक्षण

साउथॅम्प्टनमध्ये आयझॅकसन यांचे सहकारी होते डेनिस राइट. राइट यांनी १९६०च्या दशकात युगांडातील कंपाला येथे मकेरेरे या शिक्षणसंस्थेत काम केले होते आणि आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या बर्किट लिम्फोमाचे सूक्ष्म स्वरूप निश्चित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. एखाद्या प्रदेशातील संसर्ग, तेथील राहणीमान आणि तेथे आढळणारा लिम्फोमा यांचा संबंध असू शकतो, हा विचार त्यांच्यासाठी नवा नव्हता.

या दोघांनी १९८३ मध्ये ‘कॅन्सर’ या नियतकालिकात जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी वरवर पाहता दूरचे असणारे दोन आजार शेजारी ठेवले. पहिला होता तथाकथित भूमध्य सागरी लिम्फोमा. भूमध्य सागराच्या भोवतालच्या आणि मध्यपूर्वेतील गरीब वस्त्यांमधल्या तरुणांच्या लहान आतड्यात हा होई. यात आतड्याचे अस्तर प्लाझ्मा पेशींनी गच्च भरलेले असे, आणि अनेक रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडाच्या अल्फा जड साखळीचा एक अपुरा तुकडा सापडे, ज्याचे वर्णन पॅरिसमध्ये सेलिगमन यांनी १९६८ मध्ये केले होते. दुसरा आजार म्हणजे पाश्चात्त्य देशांतील प्रौढांच्या जठरातला व आतड्यातला बी-पेशींचा लिम्फोमा. आयझॅकसन आणि राइट यांना दोन्हींमध्ये समान रचना दिसली. दोन्हींत अस्तराच्या वरच्या थरात एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी होत्या. दोन्हींत मध्यम आकाराच्या, किंचित वाकड्या केंद्रकाच्या बी-पेशी ग्रंथींच्या आवरणात घुसून त्या ग्रंथी आतून पोखरत होत्या. या दुसऱ्या खुणेला लिम्फोएपिथेलियल लिजन हे नाव मिळाले, आणि आजही जठराच्या बायोप्सीत पॅथॉलॉजिस्ट सर्वप्रथम तिचाच शोध घेतात.

या रचनेचा उगम लसीकाग्रंथीत सापडत नव्हता. तो सापडत होता लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील पायर्स पॅचेसमध्ये. लहान आतड्याच्या भिंतीतील हे लसीकापेशींचे पुंज आतड्यातून येणाऱ्या जंतूंवर पाळत ठेवतात. त्यांतील पुटकाभोवती एक बाहेरचा पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यातील बी-पेशी वर चढून अस्तराच्या आवरणात शिरतात. निरोगी माणसात घडणारी हीच हालचाल लिम्फोमात बेबंदपणे चालू असलेली दिसते. ट्यूमर ज्या ऊतीची नक्कल करत होता ती ऊती श्लेष्मल अस्तराशी निगडित लसीकाऊती, अर्थात (इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून) माल्ट, होती. १९८४ मध्ये त्याच लेखकांनी ही कल्पना आतड्यापलीकडे, फुप्फुस, लाळग्रंथी आणि थायरॉइड यांच्यातील लिम्फोमांपर्यंत नेली. १९८५ मध्ये जो स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी आयझॅकसन यांच्यासह आतड्यातील या बाहेरच्या पट्ट्यातील बी-पेशींचे वेगळेपण दाखवले, तेव्हा ट्यूमरच्या पेशीला तिचे निरोगी मूळही मिळाले.

माझ्या मते या सगळ्या कारकिर्दीतील निर्णायक कृती हीच आहे. ज्या काचपट्ट्या इतरांनीही पाहिल्या होत्या, त्यांची तुलना आयझॅकसन यांनी निराळ्या निरोगी ऊतीशी केली. परदेशी सुती कापडाला लोकरीच्या गजाने मोजत बसण्याऐवजी त्यांनी आधी कापड कशाचे आहे ते विचारले. त्यानंतरच्या सगळ्या पायऱ्या या एका बदलातून निघाल्या.

एक शांतपणे केलेली दुरुस्ती

जठराच्या गोष्टीकडे वळण्याआधी एक आनुषंगिक प्रसंग सांगायला हवा, कारण संशोधकाची पद्धत त्यातून कळते. सीलिअॅक आजार, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला होणारी इजा, असलेल्या काही रुग्णांच्या आतड्यात पुढे ट्यूमर होतो. १९७८ मध्ये आयझॅकसन आणि राइट यांनी या ट्यूमरचे मूळ हिस्टिओसाइट (ऊतींतील भक्षक) पेशींत असल्याचे मांडले आणि त्याला आतड्याचा घातक हिस्टिओसायटोसिस म्हटले. १९८५ मध्ये आयझॅकसन यांनीच आपल्या सहकाऱ्यांसह टी-पेशींच्या ग्राहक जनुकाची पुनर्रचना तपासली आणि हा ट्यूमर प्रत्यक्षात टी-पेशींचा लिम्फोमा आहे, असे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. आकारावरून बांधलेला अंदाज जनुकीय पुराव्यापुढे टिकला नाही, तेव्हा लेखकाने स्वतःच तो मागे घेतला. आकारशास्त्राला जनुकशास्त्राची जोड देण्याची ही सवय पुढे माल्ट लिम्फोमाच्या कामात फार उपयोगी पडली. जठरातील दाट पेशीथर एकाच पेशीची संतती आहे की दाहामुळे जमलेली संमिश्र गर्दी आहे, हे प्रतिपिंडाच्या हलक्या साखळ्या आणि जनुकांची पुनर्रचना पाहून ठरवता येऊ लागले, आणि ‘स्यूडोलिम्फोमा’ या निदानाची जागा हळूहळू संपली. त्यांतील बहुसंख्य प्रकरणे खरोखरीच लिम्फोमा होती.

जठरात ती ऊती येते कुठून?

नवी संकल्पना मांडल्याबरोबर तिच्या पोटातच एक अडचण उभी राहिली, आणि मला वाटते ही अडचण न टाळता तिच्यामागे लागणे हाच आयझॅकसन यांचा सर्वात मोठा गुण होता. माल्ट लिम्फोमा सर्वाधिक होतो जठरात. पण निरोगी जठरात माल्ट असतेच कुठे? आतड्यात पायर्स पॅचेस असतात, जठराच्या अस्तरात तशी संघटित लसीकाऊती नसते. लाळग्रंथी आणि थायरॉइडमध्येही नसते. मग ज्या ऊतीतून ट्यूमर उद्भवतो ती ऊती तेथे आधी कधीतरी निर्माण व्हायला हवी.

लाळग्रंथी आणि थायरॉइडच्या बाबतीत उत्तर समोरच होते. लाळग्रंथीतील लिम्फोमाआधी बहुधा शोग्रेन सिंड्रोम असतो आणि थायरॉइडमधील लिम्फोमाआधी हाशिमोतो थायरॉइडायटिस. दोन्हींत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर दीर्घकाळ हल्ला करते आणि त्या हल्ल्यातून ग्रंथीत नवी लसीकाऊती साचते. जठरात असा कोणता दीर्घकालीन हल्ला चालतो?

याच वर्षांत ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे आणखी एका पॅथॉलॉजिस्टने, रॉबिन वॉरन यांनी, जठराच्या बायोप्सीत वारंवार दिसणारे वक्र जीवाणू हेरले होते. बॅरी मार्शल यांच्यासह त्यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये हे काम प्रसिद्ध केले, आणि २००५ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले. त्या जीवाणूचे नाव १९८९ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी असे निश्चित झाले. या संसर्गाने जठराला येणाऱ्या दाहात अस्तरात लसीकापुटके तयार होतात, हेही १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिसू लागले. निरोगी जठरात नसलेली ऊती एका जीवाणूमुळे तेथे येते, एवढी एक कडी आता हाती आली.

१९९१ मध्ये अँड्र्यू वॉदरस्पून, आयझॅकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठराच्या माल्ट लिम्फोमाची ११० प्रकरणे तपासली आणि त्यांतील ९२ टक्के जठरांत हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडल्याचे नोंदवले. शिवाय केवळ जीवाणूजन्य दाह असलेल्या काही रुग्णांत त्यांना पुटके तर दिसलीच, पण क्वचित कुठे बी-पेशी ग्रंथीच्या आवरणात शिरतानाही दिसल्या. दाह आणि लिम्फोमा यांच्यामधली वाट काचपट्टीवर सलग दिसत होती.

संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे होत नाही. लिम्फोमाने दुबळ्या झालेल्या जठरात जीवाणू नंतरही शिरू शकतो. या आक्षेपाला उत्तर तीन दिशांनी आले. इटलीच्या ईशान्य भागातील फेल्त्रे या गावाच्या परिसरात जठराच्या लिम्फोमाचे प्रमाण ब्रिटनमधील तुलनेच्या भागांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे आणि तेथे या जीवाणूचा संसर्गही व्यापक असल्याचे क्लाउदिओ दोल्योनी यांनी आयझॅकसन यांच्या लंडनच्या गटासह १९९२ मध्ये दाखवले. १९९४ मध्ये ज्युली पार्सोनेट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया व नॉर्वेतील मोठ्या जनसमूहांकडून पूर्वीच घेऊन ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. ज्यांना पुढे जठराचा लिम्फोमा झाला त्यांच्या रक्तात या जीवाणूविरोधी प्रतिपिंडे असण्याची शक्यता तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ६ पटींनी अधिक होती, आणि नमुना घेतल्यापासून निदानापर्यंतचा काळ मध्यमानाने १४ वर्षांचा होता. संसर्ग आधीचा होता, ही बाब त्यातून स्पष्ट झाली.

तिसरी दिशा प्रयोगशाळेतली होती, आणि मला ती सर्वांत सुंदर वाटते. ट्रेसी हसेल यांनी आयझॅकसन आणि स्पेन्सर यांच्यासोबत १९९३ मध्ये जठराच्या माल्ट लिम्फोमाच्या ताज्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यात उष्णतेने मारलेले हेलिकोबॅक्टर मिसळले. मंदगती लिम्फोमाच्या पेशी जीवाणूच्या उपस्थितीत वाढू लागल्या, पण प्रत्येक रुग्णाच्या पेशी जीवाणूच्या एकाच विशिष्ट वाणाला प्रतिसाद देत होत्या. मिश्रणातून टी-पेशी काढून टाकल्या की वाढ थांबे. म्हणजे जीवाणूला ओळखत होत्या त्या ट्यूमरमध्ये मिसळलेल्या टी-पेशी. त्यांनी दिलेल्या मदतीवर कर्करोगाच्या बी-पेशी जगत होत्या. ट्यूमरच्या बी-पेशींनी बनवलेली प्रतिपिंडे मात्र जीवाणूला चिकटत नव्हती, ती शरीराच्याच घटकांना ओळखत होती. कर्करोग झाला तरी या पेशींचे बाहेरच्या उद्दीपनावरचे अवलंबन संपलेले नव्हते. मग ते उद्दीपनच काढून घेतले तर?

सहा रुग्ण

हा प्रश्न रुग्णाला विचारायचा तर धैर्य लागत होते, आणि येथे नैतिक बाजू नजरेआड करता येत नाही. ज्या आजारावर शस्त्रक्रियेने चांगले परिणाम मिळत होते त्या आजारात शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, आणि त्याऐवजी आतड्याच्या व्रणासाठी दिली जाणारी औषधे द्यायची. या निर्णयाला बळ देणाऱ्या दोन गोष्टी आयझॅकसन यांच्या गटाच्याच कामातून पुढे आल्या होत्या. एक म्हणजे हा लिम्फोमा फार सावकाश पसरतो, त्यामुळे काही महिने बारकाईने लक्ष ठेवून वाट पाहता येते. दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी होती. वॉदरस्पून, दोल्योनी आणि आयझॅकसन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या जठरांचा संपूर्ण नकाशा काढून तपासला, तेव्हा मुख्य गाठीपासून दूर, डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही लिम्फोमाची सूक्ष्म ठिकाणे आढळली. जठराचा थोडा भाग काढून आजार पूर्णपणे गेला असे मानणे त्यामुळे अवघड झाले. शस्त्रक्रिया करायची तर संपूर्ण जठर काढावे लागणार, आणि त्याची किंमत मोठी होती.

इटलीतील सहकाऱ्यांनी रुग्णांना औषधे दिली, ठरावीक अंतराने एन्डोस्कोपी केली आणि बायोप्सी लंडनला तपासल्या गेल्या. सहांपैकी पाच रुग्णांच्या जठरात लिम्फोमाचा सूक्ष्म पुरावा उरला नाही. याच निबंधात वॉदरस्पून यांनी बायोप्सी वाचण्यासाठी शून्य ते पाच अशी श्रेणी मांडली. शून्य म्हणजे निरोगी अस्तर आणि पाच म्हणजे निश्चित लिम्फोमा. मधल्या पायऱ्यांवर दाह, पुटके आणि संशयास्पद थर. उपचारानंतर पेशींची गर्दी एकदम नाहीशी होत नाही, ती पायरीपायरीने उतरते, आणि दोन वेगवेगळ्या पॅथॉलॉजिस्टनी ती उतरण एकाच भाषेत सांगावी यासाठी अशा श्रेणीची गरज होती. मोठ्या शोधाच्या सावलीत हे काम झाकले जाते. पण रुग्णाचा पाठपुरावा प्रत्यक्षात अशाच मापांवर चालतो.

सहा ही संख्या फार लहान होती आणि टीकाकारांनी ते बोलूनही दाखवले. १९९५ मध्ये जर्मनीतील बायरडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील सुमारे ७० टक्के रुग्णांत लिम्फोमा पूर्णपणे मागे हटला होता. पुढील अनेक देशांतील अनुभव याच आसपास, साधारण तीन-चतुर्थांश रुग्ण, असा स्थिरावला. १९९८ मध्ये झुका, बेर्तोनी आणि कावाल्ली यांनी दोन रुग्णांच्या जुन्या बायोप्सी तपासून दाखवले, की लिम्फोमाचे निदान होण्यापूर्वी काही वर्षे, केवळ दाह म्हणून नोंदवलेल्या तुकड्यांतही तीच बी-पेशींची संतती आधीपासून होती.

भूमध्य सागरी लिम्फोमाची आठवण येथे पुन्हा येते. त्याच्या सुरुवातीच्या अवस्थेत टेट्रासायक्लिनने आराम पडतो हे १९७०च्या दशकापासून माहीत होते, पण तेव्हा त्याकडे एका विचित्र स्थानिक आजाराचे लक्षण म्हणून पाहिले गेले. १९८३ मध्ये आयझॅकसन आणि राइट यांनी त्या आजाराला जठराच्या लिम्फोमाशेजारी बसवले नसते, तर या जुन्या निरीक्षणाचा अर्थ किती उशिरा लागला असता, असा विचार मनात येतो. २००४ मध्ये फ्रान्समधील मार्क लेक्वी आणि सहकाऱ्यांनी त्या आजाराशी कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जीवाणूचा संबंध दाखवला. आपल्या वाचकांसाठी एवढे सांगणे आवश्यक आहे, की लहान आतड्याचा हा आजार भूमध्य सागरापुरता मर्यादित नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून दक्षिण भारतातील अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध झाली आहेत. दीर्घकाळ अतिसार आणि वजन घटणे अशी तक्रार असलेल्या तरुण रुग्णाच्या आतड्याची बायोप्सी वाचताना भारतीय पॅथॉलॉजिस्टला हे निदान लक्षात ठेवावेच लागते.

ज्यांना प्रतिजैविके पुरत नाहीत

उरलेल्या एक-चतुर्थांश रुग्णांचे काय, हा प्रश्न आयझॅकसन यांच्या गटाने पुढच्या दशकात धरून ठेवला. आता कामाचा भार जनुकशास्त्राकडे गेला आणि मिंग-चिंग डू हे या टप्प्यातील प्रमुख सहकारी झाले.

माल्ट लिम्फोमात ११व्या आणि १८व्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले आढळतात. १९९९ मध्ये डिअरलाम आणि सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानमधील गटाने, या अदलाबदलीत एपीआय-२ आणि माल्ट-१ ही दोन जनुके जोडली जातात असे दाखवले. त्याच वर्षी १ आणि १४ या गुणसूत्रांमधील दुर्मीळ अदलाबदलीतून बीसीएल-१० हे जनुक सापडले, आणि त्या कामात आयझॅकसन व डू यांचाही सहभाग होता. २००१ मध्ये लिऊ, डू, आयझॅकसन आणि इतरांनी ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले, की ११ आणि १८ची अदलाबदल असलेले जठराचे लिम्फोमा जीवाणू नष्ट केल्यावर सहसा मागे हटत नाहीत.

यामागील यंत्रणा आता बरीच स्पष्ट आहे. निरोगी लसीकापेशीच्या पृष्ठभागावर उद्दीपन झाले, की बीसीएल-१० आणि माल्ट-१ ही प्रथिने आत संदेश पोहोचवतात आणि एनएफ-कप्पा-बी नावाची यंत्रणा चालू होते. पेशी जगते आणि विभागते. जोडजनुकामुळे तयार होणारे प्रथिन हीच यंत्रणा बाहेरून काहीही न येता सतत चालू ठेवते. अशा पेशीला टी-पेशींच्या मदतीची आणि म्हणून जीवाणूची गरज उरत नाही. हसेल यांच्या प्रयोगात जे अवलंबन दिसले होते ते येथे तुटलेले असते, आणि म्हणून प्रतिजैविक निष्प्रभ ठरते. या लिम्फोमाची आणखी एक बाजू विचार करायला लावणारी आहे : ही अदलाबदल असलेले ट्यूमर मोठ्या पेशींच्या आक्रमक लिम्फोमात क्वचितच बदलतात. औषधाला न जुमानणे आणि आक्रमक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकीय चर्चेत त्या दोहोंची गल्लत होताना दिसते आणि त्याचा ताण नाहक रुग्णावर पडतो.

अशा रुग्णांसाठी शस्त्रक्रियेकडे परत जाण्याची गरज पडली नाही. जठरापुरत्या मर्यादित आजारात कमी मात्रेचा किरणोपचार, साधारण २४ ते ३० ग्रे (किरणमात्रेचे एकक), उत्तम काम करतो, आणि काही रुग्णांना रितुक्सिमॅब हे बी-पेशींना लक्ष्य करणारे औषध किंवा केमोथेरपी दिली जाते.

प्रतिजैविकांनी बरे झालेल्यांच्या बाबतीतही एक गुंता आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोमा दिसेनासा झाल्यानंतरही अनेक रुग्णांच्या बायोप्सीत जनुकीय तपासणीने मूळ संततीच्या पेशी सापडत राहतात. त्या सुप्तपणे राहतात. पण जीवाणूचा संसर्ग पुन्हा झाला तर आजार उलटल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. त्यामुळे अशा रुग्णाला पूर्ण बरा म्हणायचे की शांत अवस्थेत म्हणायचे, यावर तज्ज्ञांनी बराच विचार केला. उरलेल्या पेशींच्या भीतीने उपचार वाढवत नेऊ नयेत आणि नियमित एन्डोस्कोपीने लक्ष ठेवावे, ही भूमिका आज सर्वत्र मान्य आहे. आजार ओसरायला कधी कधी वर्षापेक्षा अधिक काळ लागतो, आणि तोवर आजार वाढत नसेल तर दोन वर्षांपर्यंतही वाट पाहिली जाते.

वर्गीकरण आणि अहवाल

१९९४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील १९ पॅथॉलॉजिस्टनी मिळून लिम्फोमांचे जे नवे वर्गीकरण मांडले, त्यात नॅन्सी हॅरिस, इलेन जॅफी, हॅराल्ड स्टाइन यांच्यासोबत आयझॅकसनही होते. पेशींचा आकार, प्रतिपिंडांच्या खुणा, जनुकीय बदल आणि रुग्णातील आजाराचे वर्तन हे सगळे एकत्र पाहून प्रत्येक लिम्फोमाला स्वतंत्र आजार मानायचे, हे त्याचे सूत्र होते. माल्ट लिम्फोमाला त्यात स्वतःची जागा मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणात ती पक्की झाली. त्या वेळी एक बारीक पण महत्त्वाचा निर्णय झाला. आक्रमक मोठ्या पेशींच्या लिम्फोमाला ‘उच्च श्रेणीचा माल्ट लिम्फोमा’ म्हणणे बंद करण्याची शिफारस करण्यात आली. अहवालात ‘माल्ट’ हा शब्द वाचून एखाद्या चिकित्सकाने आक्रमक आजारावर केवळ प्रतिजैविके देऊन थांबावे, हा धोका खरा होता. पुढे तैवानमधील संशोधकांनी जठरातील काही मोठ्या पेशींचे लिम्फोमाही जीवाणू नष्ट केल्यावर मागे हटतात असे दाखवले आहे. पण तो निर्णय निवडक रुग्णांत आणि बारकाईच्या देखरेखीखालीच घ्यावा लागतो.

आयझॅकसन २००९ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. रुग्णालयातील काचपट्ट्यांवर आयुष्य काढणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला हा मान मिळणे विरळाच.

या कामाचा दैनंदिन परिणाम जठराच्या बायोप्सीच्या अहवालात दिसतो. एन्डोस्कोपी करणाऱ्याने व्रणाच्या कडेपासूनच नव्हे तर जठराच्या इतर भागांतूनही पुरेसे तुकडे घ्यावेत, कारण आजार अनेक ठिकाणी विखुरलेला असू शकतो. पॅथॉलॉजिस्टने ग्रंथींत घुसलेल्या बी-पेशी आहेत का, मोठ्या पेशींचे थर आहेत का, हेलिकोबॅक्टर दिसतो का हे स्पष्ट लिहावे, आणि मँटल सेल लिम्फोमासारखे दिसायला जवळचे पण वागायला फार वेगळे आजार वगळण्यासाठी सीडी-५, सीडी-१० आणि सायक्लिन डी-१ या खुणा तपासाव्यात. बायोप्सीत जीवाणू दिसला नाही तर श्वासाची किंवा विष्ठेची चाचणी आणि रक्तातील प्रतिपिंडे पाहावीत, कारण आम्लरोधक गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या जठरात जीवाणूंची संख्या घटलेली असते आणि ते तुकड्यात सुटू शकतात. सोय असेल तेथे ११ आणि १८ या गुणसूत्रांची अदलाबदल तपासून घ्यावी, म्हणजे प्रतिजैविकांकडून किती अपेक्षा ठेवायची हे रुग्णाला सुरुवातीलाच सांगता येते.